फायरवॉलनं किती लक्षात ठेवायचं?

फायरवॉल, म्हणजे नेटवर्कमधून काय आत-बाहेर जाऊ द्यायचं ते ठरवणारी यंत्रणा, म्हटलं की लोक दारावरच्या वॉचमनचं उदाहरण देतात. मला ते पटत नाही. वॉचमनसमोर अख्खा माणूस उभा असतो. फायरवॉलसमोर येतं ते एक पॅकेट, साधारण दीड हजार बाइटांच्या आतला माहितीचा तुकडा, आणि तेवढ्यावरून निकाल द्यायचा. म्हणून मला महत्त्वाचा वाटतो तो एकच प्रश्न: याआधी काय घडलं, हे तिनं किती लक्षात ठेवायचं?

१९८० च्या दशकाच्या अखेरीस आलेले पॅकेट फिल्टर काहीच लक्षात ठेवत नसत. पत्ते बघायचे, पोर्ट (पॅकेट संगणकातल्या कुठल्या प्रोग्रॅमचं, ते सांगणारा क्रमांक) बघायचं, नियमांची यादी वाचायची, निकाल द्यायचा. काम झटपट. पण तुमच्या संगणकानं बाहेर काही मागितलं, तर त्याचं उत्तर आत यायला हवं ना? ते कोणत्या पोर्टवर येईल हे आधी सांगता येत नाही, कारण संगणक दर जोडणीला नवं पोर्ट घेतो. मग एक तोड निघाली. टीसीपीत, म्हणजे आधी जोडणी जुळवून मग माहिती पाठवण्याच्या पद्धतीत, जोडणी मागणाऱ्या पहिल्या पॅकेटवर 'ॲक' हा पोच देणारा बिट नसतो, पुढच्यांवर असतो. ॲक दिसला की उत्तर समजून आत सोडा! हुशारी खरी, पण तो बिट लावतो कोण? पाठवणाराच. हल्लेखोरालाही तो लावता येतो. यूडीपीत, म्हणजे जोडणी न जुळवताच पॅकेट पाठवण्याच्या पद्धतीत, तर असा बिटच नाही. त्यामुळे डीएनएससाठी (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) 'पोर्ट ५३ वरून येईल ते घ्या' असले नियम लिहिले जात, आणि ५३ वरून पॅकेट पाठवायला कुणाची परवानगी लागत नाही.

चेक पॉइंट कंपनीची फायरवॉल-वन १९९४ मध्ये आली आणि जोडणीची नोंद ठेवण्याची पद्धत बाजारात रुळली. लिनक्समध्ये ती २००१ च्या २.४ कर्नलबरोबर (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा), त्यातल्या नेटफिल्टर या पॅकेट गाळणाऱ्या भागातून आली. दोन्ही बाजूंचे पत्ते, दोन्ही पोर्ट आणि प्रोटोकॉल (टीसीपी की यूडीपी), एवढं तक्त्यात लिहून ठेवायचं. बाहेरून आलेल्या पॅकेटची नोंद सापडली तर ते आत, नाहीतर नियमांकडे.

आता नोंद ठेवायची म्हणजे ती कधीतरी पुसायलाही हवी. यूडीपीत संभाषण संपल्याची खूणच नसते, म्हणून लिनक्स एकतर्फी यूडीपीची नोंद, आपण काही बदललं नसेल तर, ३० सेकंदांत काढून टाकतं. जुळलेल्या टीसीपी जोडणीवर काहीच हालचाल नसली, तरी तिला मात्र पाच दिवस! का? कुणी टर्मिनल उघडं ठेवून सुट्टीवर गेलं, तर त्याची जोडणी तुटू नये. पण तक्ता अमर्याद नाही. खोट्या जोडण्यांनी तो भरून टाकला, की लिनक्स 'टेबल फुल' अशी तक्रार लॉगमध्ये लिहितं आणि नव्या जोडण्यांची पॅकेटं टाकून देतं. म्हणजे आता हल्ला थेट फायरवॉलच्या स्मरणशक्तीवर.

फाइली पाठवायच्या एफटीपी या पद्धतीनं तर फायरवॉलवाल्यांना रडवलंय. जुन्या पद्धतीत तुमचा संगणक सर्व्हरला सांगतो, 'फाइल मला अमुक पोर्टवर पाठव,' आणि सर्व्हर उलटी जोडणी करतो. हा निरोप पॅकेटच्या पोटात असतो. तो वाचल्याशिवाय दार उघडायचं कुठलं, हे कळत नाही. संभाषण एन्क्रिप्ट केलं, की वाचणंही संपलं.

आणि इतकं सगळं केलेली फायरवॉल बंद असली तर? विंडोज एक्सपी २००१ मध्ये आलं तेव्हा त्यात फायरवॉल होती, पण बहुतेकांच्या संगणकांवर ती बंदच असायची. चालू केली की घरातल्या दोन संगणकांमधलं फाइल शेअरिंग अडायचं. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर वर्म (आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम) पोर्ट १३५ मधून घुसला. पुढच्या ऑगस्टमधल्या सर्व्हिस पॅक २ या एक्सपीच्या सुधारित आवृत्तीनं फायरवॉल आपोआप चालू ठेवली, शेअरिंग फक्त आपल्या नेटवर्कपुरतं उघडायची सोय दिली, आणि आणखी एक फट बुजवली. पूर्वी संगणक सुरू होताना नेटवर्क आधी जागं व्हायचं, फायरवॉल नंतर.