दोन वस्तूंचा निम्फ: फ्रँक सॉयर यांची बांधणी

इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातून दक्षिणेकडे वाहणारी एव्हन ही नदी खडूच्या खडकातून पाझरलेल्या पाण्यावर पोसली जाते. पावसाचे पाणी त्या खडकात मुरते, गाळले जाते आणि झऱ्यांवाटे सावकाश बाहेर येते. त्यामुळे नदी उन्हाळ्यातही फारशी तापत नाही, आणि पाणी इतके नितळ राहते की प्रवाहाकडे तोंड करून थांबलेला ब्राउन ट्राउट मासा काठावरूनही दिसतो. नेदरएव्हन गावाच्या परिसरात फ्रँक सॉयर (१९०६–१९८०) यांनी याच नदीचे राखणदार म्हणून जवळजवळ सारे आयुष्य घालवले, आणि आज आपण जो फेझंट टेल निम्फ, म्हणजे ट्राउटसाठी गळावर बांधायचे कीटकासारखे आमिष, बांधणार आहोत तो त्यांच्या तिथल्या निरीक्षणातून घडला आहे.

खरा निम्फ म्हणजे मेफ्लाय जातीच्या कीटकांची पाण्याखालची अवस्था; आमिषालाही त्याचेच नाव मिळाले आहे. पंख फुटल्यावर हा कीटक जेमतेम काही तास किंवा एखाद-दोन दिवस जगतो. त्याआधीचे कित्येक महिने तो तळाच्या दगडांत आणि पाणवनस्पतींत काढतो, आणि ट्राउटचे बरेचसे खाद्य त्याला तिथेच मिळते. असे असूनही त्या काळी खडूच्या नद्यांवर पृष्ठभागावर तरंगणारी फ्लाय (कीटकासारखे कृत्रिम आमिष) वापरणे हीच खरी रीत मानली जाई. मासेमारीवर लिहिणारे जी. ई. एम. स्क्यूज (१८५८–१९४९) यांनी इंग्लंडमधल्याच इचेन नदीवर निम्फचा पुरस्कार केला, तेव्हा त्यावर मोठा वाद झाला. स्क्यूज यांचे निम्फ लोकरीसारख्या केसांचे असत, त्यांना पिसाचे आखूड पाय असत आणि ते पृष्ठभागाच्या जरा खाली फिरत. सॉयर यांनी मात्र पोहणाऱ्या निम्फकडे बारकाईने पाहिले आणि त्यांच्या लक्षात आले की पोहताना तो पाय अंगाशी घट्ट मिटून घेतो. म्हणून त्यांनी पाय गाळले. इतके साधे आणि इतके धीट पाऊल मला या कलेत दुसरे दिसत नाही.

साहित्य दोनच वस्तूंचे आहे: नर फेझंट पक्ष्याच्या शेपटीतले तांबूस तपकिरी पीस आणि तांब्याची बारीक, लालसर तार. ही तार केसापेक्षा किंचित जाड असावी. लहान ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमध्ये असते तशी. इथे दोरा लागत नाही, कारण दोऱ्याचे काम तारच करते. शिवाय तीच फ्लायला वजन देते आणि पिसाच्या फटींतून चमकून कीटकाच्या अंगावरच्या वळ्यांचा भासही निर्माण करते.

व्हाइसमध्ये (गळ पकडून ठेवणाऱ्या चिमट्यात) १४ क्रमांकाचा गळ घट्ट बसवा. गळाच्या वाकापासून त्याच्या नेढ्यापर्यंत तारेचे वेढे एकमेकांना लागून द्या, मग नेढ्याच्या थोडे मागे, जिथे निम्फचे वक्ष येते तिथे, वेढ्यांवर वेढे देऊन एक लहानसा उंचवटा तयार करा आणि तार परत वाकापाशी आणून सोडा. उंचवटा नेढ्याला भिडू देऊ नका, नाहीतर शेवटी गाठीला जागा उरत नाही.

आता पिसातले चार लांब तंतू टोके जुळवून एकत्र काढा. टोकांचा सुमारे ३ मिलिमीटर भाग वाकाच्या मागे शेपटीसारखा बाहेर राहील अशा बेताने ते तारेने बांधा. यानंतरची कृती शांतपणे पाहा, कारण निम्फचा टिकाऊपणा तिच्यावर अवलंबून आहे. तंतू आणि तार एकत्र धरून त्यांना हलका पीळ द्यायचा आणि तो पीळच दांडीवरून नेढ्यापर्यंत गुंडाळत न्यायचा. ट्राउटच्या तोंडात बारीक, धारदार दात असतात आणि नुसते पीस त्यांच्यापुढे लवकर तुटते. तारेत पिळलेला तंतू एखाद्या जागी तुटला तरी उरलेले अंग सुटत नाही. पीळ फार आवळला तर मात्र पीस हातातच तुटेल.

नेढ्यापाशी पोहोचल्यावर तार आणि तंतू वेगळे करा. तार उंचवट्याच्या मागे न्या, तंतू वक्षावरून मागे दुमडून तिथे बांधा. मग तार पुढे आणा आणि तंतू पुन्हा पुढे दुमडून नेढ्यामागे पक्के करा. पाठीवर चढलेले हे थर म्हणजे निम्फचे पंखकोष होत. पंख फुटण्याची वेळ जवळ आली की खऱ्या कीटकाचे पंखकोष असेच फुगीर आणि गडद दिसतात. तारेच्या दोन-तीन अर्ध्या गाठी मारा आणि उरलेले तंतू कापून टाका.

हा निम्फ वापरायची सॉयर यांची पद्धतही त्याच्या बांधणीइतकीच विचारपूर्वक होती. दिसणाऱ्या माशाच्या बऱ्याच वर, प्रवाहाच्या उलट दिशेने तो टाकायचा, वाहत येताना बुडू द्यायचा आणि माशाच्या तोंडासमोर आला की काठीचे टोक किंचित उचलायचे. त्यासरशी निम्फ पृष्ठभागाकडे निघालेल्या जिवंत कीटकासारखा वर सरकतो आणि मासा बहुधा तो निसटू देत नाही. पाय नसल्यामुळे त्याला पाण्याचा अडथळा कमी होतो, म्हणून तो लवकर बुडतो आणि हे उचलणे साधते. पाणी खोल किंवा वेगवान असेल तर वक्षाखाली तारेचे वेढे वाढवा आणि उथळ, संथ पाण्यासाठी कमी करा. दोन्ही वजनांचे निम्फ आधीच बांधून पेटीत वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा, कारण बाहेरून ते सारखेच दिसतात.