हाडं चघळणाऱ्या गायी

कुरणात चरायचं सोडून गाय मेलेल्या जनावराचं हाड तोंडात धरून तासन्‌तास चघळत बसलीये. अर्नोल्ड थायलर यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं संशोधन याच दृश्यापाशी येऊन थांबतं.

थायलर मूळचे स्वित्झर्लंडचे, जन्म 1867 चा. जनावरांचे डॉक्टर झाले आणि 1891 ला थेट दक्षिण आफ्रिकेला गेले. तिकडं प्रॅक्टिस काही चालेना, मग एका मोठ्या शेतावर नोकरी धरली, आणि तिथंच मशीनमधे डावा हात गेला. जनावरांच्या डॉक्टरचा हात जाणं म्हणजे काय हे ज्यानं कधी अडलेली गाय सोडवलीये त्यालाच कळेल. तरी माणूस परत फिरला नाही. 1893 ला जोहान्सबर्गला देवीची साथ आली तेव्हा लस तयार करून दिली ती यांनीच, मग 1896 ला गुरांमधे बुळकांडीची साथ आली तेव्हा सरकारी पशुवैद्य, आणि 1908 मधे प्रिटोरियाजवळ ऑन्डरस्टेपूर्टची जनावरांच्या रोगांची प्रयोगशाळा उभी राहिली.

पण खरी परीक्षा लामसिक्तेनं घेतली. लामसिक्ते म्हणजे लुळं पडायचा रोग. चांगली चरणारी गाय, अचानक पाय लटपटायला लागतात, खाली बसते, चारा गिळता येत नाही आणि मरते. आधी थायलरना वाटलं गवतातच काहीतरी विष असणार, बरीच वर्षं त्याच मागं गेली, आणि ते चूक निघालं. मग व्ह्रायबर्गजवळ माळरानावरच प्रयोगाचं ठाणं केलं, गायी काय खातात ते बघत राहिले.

तिथं उलगडा झाला. जमिनीत फॉस्फरस कमी, म्हणून गवतात कमी, म्हणून फॉस्फरससाठी गायीला हाडाची ओढ, आणि माळावर पडलेल्या सडक्या सांगाड्यात बोटुलिझमचं, म्हणजे एका जिवाणूनं तयार केलेलं विष. म्हणजे एक गाय मेली की तिचीच हाडं पुढच्या गायीला मारणार! मला ही साखळी समजली तेव्हा खरंच काटा आला अंगावर.

उपाय काय तर हाडांची निर्जंतुक भुकटी खायला द्यायची आणि मेलेली जनावरं माळावर पडू द्यायची नाहीत. भुकटी मिळाली की गायींची ती ओढच जाते.

हे सगळं त्यांनी सहकाऱ्यांसोबत सविस्तर लिहून काढलं आणि 1927 ला तो मोठा अहवाल छापून आला, सहकाऱ्यांची नावं त्यांच्या नावाशेजारी.