मानेवाड्यातला जुना पीसी

(दृश्य: गॅलरीत उघडा ठेवलेला कॅबिनेट. पंख्यावरची धूळ ब्रशने झटकणारा हात. खालून ऑटोचा हॉर्न.)

दिवाळीची साफसफाई निघाली की आमच्या घरातून दोन जड वस्तू गॅलरीत येतात. पहिला कूलर. त्याच्या ताट्या काढायच्या, टाकी घासायची आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून तो माळ्यावर चढवायचा. दुसरा हा पीसी. नागपूरची धूळ उन्हाळाभर कूलरच्या ओल्या हवेबरोबर याच्या पोटात जाते आणि पात्यांवर अशी बसते, की ब्रशला दाद देत नाही. काडीने खरवडावी लागते.

२०१७ साली बर्डीतून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, जुळवून आणलेला. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड, आठ जीबी रॅम. लॉकडाउनमध्ये आणखी आठ टाकली. सकाळी तो बाबांचा, संध्याकाळी पुतण्याचा, आणि रात्री उरलासुरला माझा.

१४ ऑक्टोबर २०२५. लक्ष्मीपूजनाच्या बरोबर आठवडाभर आधी विंडोज १०चा सपोर्ट संपला. पीसी काही बंद पडला नाही. पण सुरक्षेचे अपडेट थांबणार, विंडोज ११ घ्या, अशी पाटी आधीपासूनच स्क्रीनवर येत होती. घ्यायला गेलो तर उत्तर मिळालं, हा पीसी पात्र नाही. इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीपासून पुढचा हवा, आमचा सातव्या पिढीचा. एका मार्काने नापास. मायक्रोसॉफ्टने एक वर्षाची मुदतवाढ ठेवली होती, ऑक्टोबर २०२६पर्यंत. म्हणजे तोच प्रश्न पुढच्या दिवाळीत.

बर्डीतल्या दुकानदाराला विचारलं. त्याने कॅबिनेट उघडलाही नाही. "भाऊ, इसमें अब कुछ नहीं रखा. बोर्ड, प्रोसेसर, रॅम, सब नया. पैंतालीस पकडके चलो." जुना पंचवीसशेत ठेवून घेतो म्हणाला. आदल्याच रात्री पुतण्या त्या 'काही नाही'वर अकरापर्यंत गेम खेळत होता.

(दृश्य: जेवणाचं टेबल, मधोमध चिवड्याचा डबा.)

त्या रात्री घरात बैठक बसली. मी म्हटलं, लिनक्स टाकून पाहू. पुतण्याने गेमची यादीच पुढे केली. वहिनी घरून चार दुकानांचे हिशोब पाहतात, त्या सरळ म्हणाल्या, "भाऊजी, माझ्या लॅपटॉपला हात लावायचा नाही." त्यांचं बरोबरच होतं. टॅली लिनक्ससाठी निघतच नाही, आणि त्यात डिजिटल सहीची ती यूएसबी किल्ली. ज्याच्यावर पोट चालतं, त्यावर प्रयोग करू नये. बाबांची एकच अट. "माझ्या फाईली उघडल्या पाहिजेत. बाकी तुम्ही काय करून राहिले, ते करा."

मला तेव्हा ती सगळ्यात सोपी अट वाटली होती.

लिनक्स म्हणजे काय, ते थोडक्यात. १९९१च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने सांगितलं, की मी एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय, हौस म्हणून. तिचा गाभा म्हणजे लिनक्स. कोड सगळ्यांसाठी खुला. कोणीही वाचावा, बदलावा, वाटावा. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या तळाशीही तोच आहे. त्या गाभ्याभोवती बाकीचा संसार मांडून वेगवेगळ्या मंडळींनी आपापल्या आवृत्त्या काढल्या. आम्ही घेतली लिनक्स मिंट, कारण तिचा चेहरामोहरा विंडोजसारखा आहे आणि २२व्या मालिकेला २०२९पर्यंत सपोर्ट आहे. कोणती आवृत्ती सगळ्यात भारी, यावर लोक महिनेच्या महिने भांडतात. त्यात पडू नका.

(दृश्य: पेन ड्राइव्ह, निळी-काळी बायोस स्क्रीन, मग हिरवट डेस्कटॉप.)

पेन ड्राइव्हवरूनच ती आधी चालवून पाहता येते, डिस्कला न शिवता. आवाज येतो का, वायफाय धरतं का, सगळं तपासलं. मग जुना एसएसडी रिकामा केला आणि त्यावर टाकली. गेमची मोठी हार्ड डिस्क तशीच ठेवली. आणि तिथेच पहिली ठेच लागली.

गेम स्टीमला, म्हणजे ते विकत घेऊन चालवायच्या ॲपला, दिसत होते. पण सुरू करायला गेलं की काळी चौकट यायची आणि जायची. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. कारण निघालं ते असं. विंडोजमध्ये आपण शट डाउन करतो, तेव्हा ते पूर्ण बंद होतंच असं नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ते अर्धवट झोपतं, आणि डिस्कवर 'मी अजून इथेच आहे' अशी खूण ठेवून जातं. लिनक्स ती खूण पाहतं आणि डिस्क फक्त वाचायला देतं, लिहायला नाही. शिवाय ती डिस्क विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली. लिनक्सवर विंडोजचे गेम चालवायला ती पद्धत धड नाही. शेवटी कामाचं सगळं दुसरीकडे हलवलं, डिस्कला फॉरमॅट मारला आणि गेम नव्याने उतरवले. पुतण्याने दोन दिवस तोंड पाडलं होतं. सुरुवातीलाच हे कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून मी तुम्हाला सांगून राहिलो.

नंतर मात्र गेम चालले. विंडोजसाठी बनलेले गेम, विंडोज नसलेल्या पीसीवर.

(दृश्य: इतवारीतली गल्ली, मसाल्याच्या दुकानासमोर गिऱ्हाइकांची गर्दी.)

हे कसं होतं ते समजायला इतवारीत या. मावशी मराठीत विचारते, दुकानदार मागे वळून पोराला हिंदीत सांगतो, पोरगा गोदामातल्या माणसाला छत्तीसगढीत हाक मारतो, आणि पाव किलो धने मावशीच्या पिशवीत पडतात. मधे कोणी थांबलं असं वाटतच नाही. गेम सतत विंडोजकडे मागण्या करत असतो. ही फाईल उघड, हा आवाज वाजव, इथे एक झाड काढ. लिनक्सवर या मागण्या ऐकून घेणारा प्रोग्राम म्हणजे वाइन, १९९३पासून लोक त्यावर काम करताहेत. झाड काढण्याची मागणी डायरेक्ट-थ्रीडी या मायक्रोसॉफ्टच्या बोलीत येते. डीएक्सव्हीके नावाचा दुभाषी ती वल्कनमध्ये उतरवतो, आणि वल्कन ग्राफिक्स कार्डाला कळतं. डायरेक्ट-थ्रीडी हा डायरेक्टएक्सचा भाग, त्याच्या १२व्या आवृत्तीसाठी वेगळा दुभाषी आहे. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने हे सगळं एकत्र बांधून २०१८च्या ऑगस्टमध्ये दिलं. त्याचं नाव प्रोटॉन. २०२२ साली त्यांनी स्टीम डेक हे हातात धरायचं यंत्र विकायला काढलं, तेही आतून लिनक्सच. त्यात कंपनीचा धंदा आहे, धर्मादाय काही नाही. पण त्यांच्या धंद्याचा फायदा मानेवाड्यातल्या आमच्या पीसीलाही झाला.

पहिल्यांदा गेम सुरू करताना शेडर, म्हणजे कार्डाने चित्र कसं रंगवायचं ते सांगणारे छोटे प्रोग्राम, तयार होत असल्याची एक पट्टी सरकत राहते. पाणी भरून होईपर्यंत नळाशी उभं राहावं तसं बसून राहायचं. मग गेम लागतो. जीटीए फाइव्हची कथा पहिल्याच दमात चालली. काउंटर-स्ट्राइक २ला तर दुभाषी लागतच नाही, तो लिनक्ससाठीही निघतो. डायरेक्टएक्स ११चे जुने गेम विंडोजवर जसे चालायचे तसेच, फरक माझ्या डोळ्यांना दिसला नाही. पुतण्याचं म्हणणं, त्याला दिसतो. डायरेक्टएक्स १२चे नवे गेम मात्र आमच्या जुन्या कार्डावर रडतखडत चालतात. त्या कार्डाच्या पिढीसाठी एनव्हीडियाच्या ड्रायव्हरची ५८० ही शेवटची मालिका आहे, तेव्हा चमत्काराची अपेक्षा नाहीच.

आणि व्हॅलोरंट? नाही. विषय संपला. कितीही व्हिडिओ पाहा, नाही.

यात लिनक्सची कुवत कमी पडते असं नाही. खेळात लबाडी करणाऱ्यांना पकडणारा त्या गेमचा पहारेकरी, व्हॅनगार्ड, विंडोजच्या गाभ्यात बसतो. गेटवर खुर्ची टाकून बसणारा चौकीदार आपल्याला चालतो. हा म्हणतो, मी देवघरात बसणार, आणि तुम्ही उठायच्या आधीपासून बसणार. लिनक्समध्ये त्याला ती जागाच नाही, आणि दुभाष्याच्या भरवशावर तो आत येत नाही. फोर्टनाइटचं तसंच. एपेक्स लेजेंड्स आधी चालायचा, २०२४च्या शेवटी कंपनीने लिनक्सला दार बंद केलं. जीटीएचा ऑनलाइन भाग त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गेला. म्हणून पीसी बदलायच्या आधी आपल्या गेमची नावं प्रोटॉनडीबी या वेबसाइटवर टाकून पाहायची. लोक आपापले अनुभव तिथे नोंदवतात, प्लॅटिनमपासून 'चालतच नाही'पर्यंत शेरे असतात. तुमचे सगळे मित्र व्हॅलोरंटवर असतील, तर माझं ऐकू नका. विंडोजवरच राहा.

पुतण्या रविवारी मित्राकडे नंदनवनला जातो. तिकडे खेळतो, तिकडेच तर्री-पोहे खातो.

रोजच्या कामाचं फार सांगण्यासारखं नाही. ब्राउझर तोच, व्हॉट्सॲप ब्राउझरमध्ये, सिनेमे व्हीएलसीत, पत्रं लिब्रे ऑफिसमध्ये. अपडेट आले तर कोपऱ्यात खूण दिसते, ऐन कामात पीसी आपला आपण रीस्टार्ट होत नाही. प्रिंटरने मात्र जीव खाल्ला. झेरॉक्सच्या दुकानातून दिसतो तसलाच छोटा लेझर, वर्षानुवर्षं बिनतक्रार चालणारा. लिनक्ससाठीचा त्याचा ड्रायव्हर इतका जुना, की तीन वेळा टाकला आणि तीन वेळा काढला. आता आम्ही पीडीएफ करतो आणि ती वहिनींच्या लॅपटॉपवरून छापतो. त्या दर वेळी माझ्याकडे बघतात. बोलत काही नाहीत.

(दृश्य: बाबांची बोटं कीबोर्डवर. चष्मा कपाळावर.)

आता बाबांची सोपी अट.

बाबा सरकारी कचेरीत टंकलेखक म्हणून लागले. मराठी थर्टी, इंग्लिश फोर्टी, दोन्ही पास. बोटं रेमिंग्टनच्या टाइपरायटरवर घडलेली. कचेरीत संगणक आला तेव्हा त्यात क्रुतिदेव फॉन्ट होता, कळा त्याच जागी. त्यांना वेगळं काही शिकावंच लागलं नाही. निवृत्तीनंतर सोसायटीच्या नोटिसा, भजनी मंडळाची यादी, घराण्याची वंशावळ, सगळं त्यातच. सहाशेच्या वर फाईली.

मी लिब्रे ऑफिसमध्ये पहिली उघडली. पानभर इंग्रजी अक्षरांची रांगोळी. बाबा मागे उभे होते. "हे काय करून ठेवलं?"

केलेलं मी काही नव्हतं, ते पहिल्यापासून तसंच होतं. क्रुतिदेवमध्ये 'मराठी' लिहिलं, तर फाईलमध्ये प्रत्यक्षात साठतं ई, जे, के, कॅपिटल बी, एच. फॉन्ट त्या अक्षरांना म, र, काना, ठ आणि वेलांटीचे मुखवटे चढवतो. नव्या पीसीवर तो फॉन्ट नाही, म्हणून मुखवटे गळून पडले. इतकी वर्षं बाबा मराठी लिहीत होते आणि संगणकाला त्यात मराठीचं एक अक्षरही माहीत नव्हतं. 'देशमुख' शोधायला गेलं तर सापडणार कुठून?

फॉन्टची फाईल आणून टाकली असती तर काम भागलं असतं. बाबांनाही तेच हवं होतं. पण म्हटलं, आता उघडलंच आहे तर युनिकोडमध्ये आणू, म्हणजे संगणकालाही मराठी अक्षर मराठी म्हणूनच कळेल. तीन आठवडे गेले. अक्षराला अक्षर बदलून भागत नाही. टाइपरायटरवर 'कि' लिहिताना पहिली वेलांटी आधी मारायची, मग क. युनिकोडमध्ये क आधी, वेलांटी नंतर. रफाराचं उलटं. 'अर्ज' लिहिताना बाबा ज मारून वर रफार ठेवतात, युनिकोडला तो र ज-च्या आधी लागतो. म्हणजे वेलांटी एक घर पुढे न्यायची, रफार एक घर मागे, आणि मधे जोडाक्षर आलं तर दोन घरं. बदलून देणारे प्रोग्राम मिळतात, पण मधेच एखादं इंग्रजी नाव आलं की त्याचंही मराठी करून टाकतात. बाबा रोज सकाळी चहानंतर वीस-पंचवीस फाईली तपासायचे, लाल पेनने कागदावर चुका लिहायचे. कचेरीतली सवय.

नव्याने टाइप करायचं म्हटलं, तर मिंटमध्ये मराठी कीबोर्डांच्या यादीत इनस्क्रिप्ट आहे, फोनेटिक आहे आणि रेमिंग्टनही आहे. तो शब्द यादीत दिसला तेव्हा बाबांनी चष्मा खाली ओढला आणि स्क्रीनजवळ गेले. काही कळा इकडेतिकडे आहेत. त्यांनी त्या कळांची चिठ्ठी लिहून मॉनिटरला चिकटवली.

(दृश्य: चिठ्ठीचा जवळून शॉट. मग स्क्रीनवर एक पान.)

परवा शेवटच्या काही फाईली झाल्या. त्यातली एक आईने सांगितलेली सांबारवडीची, म्हणजे आमच्याकडच्या कोथिंबिरीच्या वडीची, कृती. बाबांनी तेव्हा टाइप करून ठेवली होती, आई गेल्याला आता सहा वर्षं झाली. मी मराठीचा शब्दकोश जोडून दिला होता, त्याने 'सांबारवडी'खाली लाल रेघ ओढली. बाबांनी उजवी क्लिक केली. भलतंच काहीतरी सुचवलेलं त्यांनी वाचलं, सोडून दिलं, आणि खालचा पर्याय दाबला. शब्दकोशात घाला. रेघ गेली. मग 'खसखस', मग 'चारोळी', एकेक शब्दावर थांबत ते खाली उतरू लागले.

संध्याकाळचे सहा वाजून गेले होते. पुतण्या दारात हेडफोन घेऊन उभा.

"आबा, अजून किती वेळ टाइप करून राहिले तुम्ही?"