आवाजाच्या मुळावर घाव: लेक्सस एलएसची घडण

बॉनेटवर शॅम्पेनच्या पेल्यांची उतरंड रचलेली आहे, मागची चाके रोलरवर फिरत आहेत, वेग ताशी २३३ किलोमीटरपर्यंत चढला आहे आणि एकही पेला ढळलेला नाही. टोयोटाच्या लेक्सस या आलिशान गाड्यांच्या ब्रँडमधील एलएस ४०० या मोटारीची ही जाहिरात अमेरिकेत गाजली. जाहिरातीवर किती विसंबायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. त्यामागचे काम मात्र अस्सल होते.

१९८३ साली टोयोटाचे अध्यक्ष एजी तोयोदा यांनी जगातल्या सर्वोत्तम मोटारींच्या तोडीस तोड गाडी बनवण्याचे आव्हान आपल्या सहकाऱ्यांपुढे ठेवले. स्वस्त आणि टिकाऊ गाड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने मर्सिडीझ आणि बीएमडब्ल्यूच्या वाटेला जावे, हे तेव्हा अनेकांना धाडसाचेच वाटले असणार. मुख्य अभियंता इचिरो सुझुकी यांनी (आडनाव तेच असले, तरी मारुतीच्या सुझुकीशी त्यांचा संबंध नाही) जी उद्दिष्टे आखली, ती एकमेकांच्या विरोधात जाणारी होती. गाडीचा सर्वोच्च वेग ताशी २५० किलोमीटर हवा, पण तिने पेट्रोल बेताचेच प्यावे. ती अत्यंत शांत हवी, पण वजनाने जड नको.

खरी मेख इथेच होती. आवाज दाबण्याचा सोपा उपाय म्हणजे जाड अस्तरे भरणे. पण अस्तराने वजन वाढते, वजनाने इंधन जास्त लागते आणि वेगही घटतो. म्हणून आवाज झाकण्याऐवजी तो जिथे जन्मतो तिथेच रोखायचा, असे सुझुकींनी ठरवले. इंजिनाचे भाग नेहमीपेक्षा अधिक काटेकोर मापाने घडवण्यात आले, आणि कंपने कमी व्हावीत म्हणून इंजिन, गिअरबॉक्स व मागच्या चाकांकडे शक्ती नेणारा दांडा शक्य तितक्या सरळ रेषेत बसवण्यात आला. या खटाटोपात सुमारे ४५० नमुना-गाड्या तयार झाल्या.

जानेवारी १९८९मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात अवतरलेल्या या गाडीत चार लिटरचे व्ही-८ (इंग्रजी V आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरचे) इंजिन होते आणि तिची मूळ किंमत ३५,००० डॉलर, म्हणजे जर्मन प्रतिस्पर्ध्यांपेक्षा बरीच कमी होती. त्याच डिसेंबरात दोष आढळल्याने सुमारे ८,००० गाड्या परत बोलवाव्या लागल्या, तेव्हा कंपनीने अनेक गाड्या ग्राहकांच्या दारातून नेल्या आणि दुरुस्त करून, धुऊन परत आणून दिल्या. नाचक्कीची वेळ होती. तिनेच नाव कमावून दिले.

पुढे २०००मध्ये एलएस ४३० आणि २००६मध्ये आठ गिअरची स्वयंचलित यंत्रणा असलेली एलएस ४६० आली. पाठोपाठ हायब्रिड आवृत्तीही आली. २०१७च्या एलएस ५००मध्ये मात्र व्ही-८च्या जागी दोन टर्बोचार्जरचे (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणाऱ्या यंत्रांचे) साडेतीन लिटरचे व्ही-६ इंजिन बसले. कागदावर त्याची शक्ती अधिक भरते. पण व्ही-८ची ती लोण्यासारखी चाल त्यात उतरलेली नाही.