म्हातारा, पोरगा आणि पोराचा बाप

(पडद्यावर: बेलापूरजवळचा दिवाळे कोळीवाडा, ओहोटी, होड्या चिखलावर टेकलेल्या)

हे दिवाळे गाव. नवी मुंबई वसायच्या कितीतरी आधीपासूनचं. असंच सारसोळे, असंच वाशीगाव, आणि खाडीने वर गेलात की ठाण्याचं चेंदणी. या कोळीवाड्यांतल्या कितीतरी घरांत एक भांडण ठरलेलं असतं, पोरगा म्हणतो मला होडीवर जायचंय आणि बाप म्हणतो गप आयटीआय कर आणि महापे नाहीतर तुर्भ्याला कुठेतरी चिकट. बापाचं चुकतंय असं कोण म्हणेल? खाडीत कंपन्यांचं पाणी, मासळी कमी झालेली, डिझेलचा खर्च तर सुटायला हवा ना.

आता याच भांडणावर उभी असलेली एक जगप्रसिद्ध कथा. अर्नेस्ट हेमिंग्वेची ‘द ओल्ड मॅन अँड द सी’, 1952 सालची, आपल्याकडे पु.लं.नी ‘एका कोळियाने’ म्हणून मराठीत आणलेली. कोणालाही विचारा यात कॉन्फ्लिक्ट कोणाचा, तर उत्तर येतं म्हातारा विरुद्ध मासा. गाईडमध्ये पण तेच, माणूस विरुद्ध निसर्ग, माणूस विरुद्ध स्वतः, माणूस विरुद्ध समाज, झालं, मार्क मिळाले. चूक काहीच नाही त्यात. पण मला कायम वाटतं की यातलं माणसामाणसातलं सगळ्यात मोठं भांडण ज्याच्याशी आहे तो माणूस अख्ख्या पुस्तकात एकदाही समोर येत नाही. तो म्हणजे मॅनोलिनचा बाप.

मॅनोलिन, क्यूबातल्या किनाऱ्यावरचा कोळी पोरगा. वयाच्या पाचव्या वर्षापासून सांतियागो म्हाताऱ्याच्या होडीवर. म्हाताऱ्याला 84 दिवस एक मासा लागलेला नाही. पहिले 40 दिवस पोरगा सोबत होता, मग आईबाप म्हणाले हा म्हातारा आता पक्का पनवती, सोड त्याला, आणि दुसऱ्या होडीवर पाठवलं. त्या होडीला पहिल्याच आठवड्यात तीन चांगले मासे! म्हणजे बाप हिशोबाने बरोबरच ठरला की. पोरगा म्हाताऱ्याला सांगतो, बाबांनी सोडायला लावलं, मी लहान आहे, मला ऐकावंच लागतं.

आणि म्हातारा काय करतो, तो बापाचीच बाजू घेतो. म्हणतो तू माझा असतास तर घेऊन गेलो असतो, जुगार खेळलो असतो, पण तू तुझ्या आईबापाचा आहेस आणि नशीबवान होडीवर आहेस. इथे मी दरवेळी थांबतो. दोघांनाही एकच हवंय आणि मध्ये आडवा कोण येतोय तर एक गैरहजर माणूस आणि त्याचा बरोबर ठरलेला हिशोब. यात शिव्यागाळी नाही, आरडाओरडा नाही, तरी भांडण पूर्ण आहे.

पोराचा नवा मालक पण बघा. तो आपलं सामान स्वतःच उचलतो, कोणाला हात लावू देत नाही. म्हातारा लगेच म्हणतो, मी तर तुला पाच वर्षांचा असताना सामान उचलायला द्यायचो. एवढ्या एका वाक्यात दोन मालकांतला फरक कळतो. त्या मालकाला नजरेने कमी दिसतं, लांब जायला आवडत नाही, म्हणून पोरगा प्लॅन करतो की मी सांगेन तिकडे पक्षी फिरतायत, मासे असतील, म्हणजे होडी लांब जाईल आणि म्हाताऱ्याला गरज पडली तर आम्ही जवळ असू. बापाचं ऐकायचं आणि मनातली माणुसकी पण सोडायची नाही, असा रस्ता तो पोरगा शोधत असतो.

गावातले बाकीचे? तरुण कोळी म्हाताऱ्याला हसतात, त्याला राग येत नाही. जुन्या कोळ्यांना वाईट वाटतं, पण ते तसं दाखवत नाहीत. तिथे हॉटेलवाला मार्टिन मात्र जेवण पाठवतो.

समोरासमोर टक्कर म्हणाल तर ती फक्त आठवणीत आहे. तरुणपणी सांतियागोने क्यूबातल्याच सिएनफ्वेगोस शहराच्या, गोदीवर सगळ्यात ताकदवान असलेल्या गड्याशी पंजा लढवला होता, एक दिवस एक रात्र. सकाळी पैज लावलेल्या लोकांना गोदीत साखरेची पोती उचलायला जायचं होतं, ते म्हणाले बरोबरी धरा, आणि उजाडता उजाडता याने त्याचा हात खाली टेकवला. हीच आठवण तो एकटाच लांब समुद्रात गेल्यावर गळाला लागलेल्या मार्लिनशी, म्हणजे त्या भल्यामोठ्या माशाशी झुंजताना काढतो, स्वतःला धीर द्यायला. त्याच झुंजीत आधी त्याचा स्वतःचा डावा हात गोळा येऊन पक्ष्याच्या पंजासारखा आखडलेला असतो, आणि तो हाताशीच बोलतो, कच्चा ट्युना खातो म्हणजे हात तरी उघडेल. आणि मग पुन्हा पुन्हा, पोरगा असता तर बरं झालं असतं. 18 फुटांचा मासा ओढतोय, आणि आठवण येतेय त्या पोराची ज्याला त्याने स्वतः परत पाठवलं.

शार्कचं तुम्हाला माहितीच आहे, परतीच्या वाटेवर ते मारलेला मासा खाऊन टाकतात. किनाऱ्याला सांगाडा लागतो.

पण त्यानंतरचा सीन जास्त लोकांच्या लक्षात राहत नाही. जमलेले कोळी सांगाडा मोजतायत आणि पोरगा म्हाताऱ्याचे सोललेले हात बघून कॉफी आणायला निघालाय, रडतोय, आणि सगळे बघतायत याची त्याला पर्वा नाही. कॉफी घेऊन येतो आणि म्हणतो आता आपण पुन्हा एकत्र जाणार. म्हातारा म्हणतो, माझं नशीब नाही रे. पोरगा म्हणतो नशीब गेलं खड्ड्यात, नशीब मी आणतो. म्हातारा विचारतो, घरचे काय म्हणतील? पोरगा म्हणतो, मला फरक पडत नाही.

इथे भांडण मिटलं. बाप अजूनही घरीच आहे, त्याला कोणी काही बोललेलं नाही. आणि दोघं लगेच कामाला लागतात, म्हातारा सांगतो एक चांगला भाला लागेल, जुन्या फोर्ड गाडीच्या स्प्रिंगच्या पट्टीचं पातं करू आणि ग्वानाबाकोआ गावाला जाऊन धार लावून आणू.