होडी कुठे थांबवायची

नमस्कार श्रोतेहो.

५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा आपल्याकडे पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. ५ तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, १२ तारीख डॉ. सालिम अलींच्या. २०२० साली राज्य सरकारने हा सप्ताह जाहीर केला. या दिवसांत शाळांमध्ये व्याख्यानं होतात, तळ्याकाठी दुर्बिणी दिसू लागतात आणि सोमवारी ऑफिसात कुणाच्या तरी मोबाइलमधले पक्ष्यांचे फोटो टेबलाटेबलावर फिरतात. फोटो छानच असतात. पण तो काढताना पक्षी किती लांब होता आणि त्या सहलीचे पैसे कोणाच्या हातात पडले, हे फोटोत दिसत नाही. आज त्याबद्दलच थोडं बोलणार आहे.

भिगवणचंच बघा. पुणे-सोलापूर रस्त्यावर पुण्यापासून शंभरएक किलोमीटर. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पुरं झालं, काठची गावं उठली, शिवारं बुडाली आणि त्या पाण्यावर मासेमारी उभी राहिली. पुढे कुंभारगाव, डिकसळ भागातल्या मासेमारांच्या होड्यांतून पक्षी बघायला येणारी मंडळी फिरू लागली. सध्या पाणी भरपूर असतं. ते ओसरायला लागलं, चिखलाचे पट्टे उघडे पडले, की रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात.

रोहित जेवतो कसा, ते एकदा निवांत बघा. लांब मान खाली सोडून तो चोच चक्क उलटी पाण्यात धरतो. जाडजूड जीभ पंपासारखी मागेपुढे होते, पाणी आत येतं, बाहेर जातं आणि चोचीच्या कडेच्या बारीक जाळीत किडे, कोळंबीसारखे जीव अडकतात. एवढ्या मोठ्या देहाला एवढा बारीक घास! साहजिकच त्याला तासन् तास चरावं लागतं. आणि होडीतून आवाज येतो, ‘दादा, एक फ्लाइंग शॉट मिळेल का?’

दादा काय करणार? त्याचा सीझन चार-पाच महिन्यांचा. गिऱ्हाईक खूश झालं तर वर शे-दोनशे सुटतात, चार मित्रांना नंबर जातो. तो बांबू रेटतो, होडी थव्यात घुसते. रोहिताला बसल्या जागेवरून उडता येत नाही, पाण्यावर धावत वेग घ्यावा लागतो. अख्खा थवा धावतो, उडतो, कॅमेरे कडकडतात. अर्ध्या तासाने दुसरी होडी, दुसरं गिऱ्हाईक, तीच फर्माईश. मार्चच्या सुमाराला पट्टकादंब हंसांचीही हीच कथा. हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडे परतायचं तर अंगावर चरबी चढायला हवी आणि आपण त्यांना पोटभर चरू देत नाही.

मी याचा दोष होडीवाल्याला देत नाही. त्याला पाणी कळतं, पक्षीही कळतात. होडी कुठे थांबवायची हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. चरणाऱ्या माना एकदम वर झाल्या आणि सगळा थवा एकाच दिशेला चालायला लागला, की आपण जास्त जवळ आलो. त्याच्याही आधी थांबायचं असतं. पण थांबल्याबद्दल त्याला कोणी शाबासकी देत नाही, पैसे तर नाहीच. म्हणून बसतानाच सांगून टाकावं, ‘उडवू नका, लांबूनच दाखवा.’ आणि उतरताना वर काही द्यायचं असेल तर ते कशाबद्दल देतोय हेही चारचौघांत बोलून दाखवावं. लाखाची लेन्स घेतलेल्यांना तर एकच विचारतो, अगदी खेटूनच फोटो काढायचा होता तर एवढी मोठी लेन्स घेतली कशाला?

आता जरा लांब जाऊ, अरुणाचल प्रदेशात. पश्चिम कामेंग जिल्ह्यात ईगलनेस्ट नावाचं अभयारण्य आहे. पुण्यात काम करणारे खगोलशास्त्रज्ञ रमणा अथ्रेया तिथे पक्षी बघायला जात. १९९५ साली त्यांना एक अनोळखी पक्षी ओझरता दिसला. पुन्हा गाठ पडली ती दहा वर्षांनी, २००५ मध्ये. आकाराने बेताचा, डोक्यावर काळी टोपी, अंगावर हिरवट पिवळ्या छटा, पंखांत लालपिवळे पट्टे. पक्षी विज्ञानाला सर्वस्वी नवा होता. नवी जात जाहीर करायची तर एक नमुना मारून संग्रहालयात ठेवायचा, अशी जुनी रीत. पण तिथे सगळे मिळून १४ पक्षीच दिसले होते. त्यातला एक कमी करायचा? अथ्रेयांनी ते नाकारलं. जाळ्यात धरलेले पक्षी मोजमाप करून, फोटो काढून सोडून दिले आणि जाळ्यात गळून राहिलेल्या पिसांच्या आधारे २००६ साली जात जाहीर झाली. नाव ठेवलं तिथल्या बुगुन जमातीचं, बुगुन लिओसिकला.

नुसत्या नावाने जंगल टिकत नाही. इंडी ग्लो यांच्यासारख्या बुगुन पुढाऱ्यांना बरोबर घेऊन तिथे पक्षी पर्यटन उभं केलं गेलं. तंबूंचे कॅम्प, त्यांत स्वयंपाक करणारी, गाडी चालवणारी, वाट दाखवणारी माणसं गावचीच, आणि पर्यटकाच्या शुल्कातला वाटा जमातीकडे जाणारा. पुण्यामुंबईचेही कितीतरी पक्षीवेडे तिथे जाऊन आलेत. २०१७ मध्ये सिंगचुंग गावाने आपल्या मालकीच्या जंगलातला १७ चौरस किलोमीटरचा तुकडा राखीव करून दिला. तो जमातीचा आहे, सरकारी अभयारण्याच्या बाहेर. गावचीच पोरं तिथे गस्त घालतात. २०१८ साली भारत सरकारचा जैवविविधता पुरस्कारही त्यांना मिळाला. आता विचार करा, ते जंगल तोडून लाकूड विकता आलंच असतं. पण उभ्या जंगलापायी दर मोसमात घरात चार पैसे येतात म्हटल्यावर गावच्या बैठकीत ते राखा म्हणणाऱ्याची बाजू भक्कम होते. मला पक्षी पर्यटनाचं खरं मोल इथे दिसतं. आपलं पक्षिप्रेम कितीही सच्चं असलं तरी गावच्या बैठकीत ते बोलायला येत नाही.

म्हणून सहलीचं बुकिंग करताना विचारावं. गाइड कुठला? मुक्काम गावात कोणाच्या घरी की शहरातल्या मालकाच्या रिसॉर्टवर? जेवण कोण करणार? बाहेरून गाडी, बाहेरून गाइड, बाहेरूनच डबे असतील तर त्या गावाला आपल्याकडून धुरळा आणि प्लास्टिकच मिळणार. आपल्या कोकणातल्या वेळासला कासवं बघायला जाणारे लोक गावात घरोघरी राहतात, जेवतात, म्हणून ते गाव कासवांच्या अंड्यांना जपतं.

तक्रार करावी अशा गोष्टी आणखीही आहेत. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बाहेर बोलावणं ही त्यातली सगळ्यात वाईट. नराला वाटतं, हद्दीत परका घुसलाय. तो चरणं टाकून, कधी घरटं टाकून, नसलेल्या शत्रूला शोधत फिरतो. एका सकाळी पाच गट आले तर पाच वेळा. जिथे जोड्याच मोजक्या, तिथे हा खेळ किती महागात पडत असेल! कुरव, म्हणजे सीगल, पक्ष्यांना शेव-गाठी टाकणंही तसलंच. आणि घरट्याचं म्हणाल, तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तीत रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणंही येतं. घुबडाची ढोली किंवा शिकारी पक्ष्याचं घरटं सापडलं, की त्याचं लोकेशन व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. दुसऱ्या दिवशी तिथे वीस माणसं उभी असतात.

जे दिसलं ते सांगायचंच असेल तर त्याला चांगली जागा आहे, पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारं ई-बर्ड हे संकेतस्थळ. तिथे संवेदनशील जातींच्या नोंदींचं नेमकं ठिकाण लोकांना दिसत नाही. अशाच नोंदींवरून २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल निघाला. सुमारे ३०,००० पक्षीनिरीक्षकांनी केलेल्या नोंदी, ९४२ जातींचा आढावा, आणि त्यातल्या १७८ जातींना तातडीने जपायला हवं हा निष्कर्ष. हे करायला तुम्ही तज्ज्ञ असावं लागत नाही. पंधरा मिनिटांची यादीही चालते. फक्त ती पूर्ण असावी. बहुतेक जण दुर्मीळ पक्षी तेवढा लिहितात आणि कावळा, साळुंकी, चिमणी गाळतात. अभ्यासकाला ती यादी अर्धवटच. तेव्हा या आठवड्यात बाहेर पडलात, तर कावळाही लिहा.

नमस्कार.