‘तुटनी’ ही चूक नाही: आखाजीच्या गाण्यातली अहिराणी

राम राम मंडळी. आधी एक ओळ ऐका.

‘आथानी कैरी, तथानी कैरी, कैरी झोका खाय वं.’

धुळे, जळगाव, नंदुरबार किंवा बागलाण-मालेगावकडचे असाल, तर पुढची ओळ तुमच्या तोंडात आलीसुद्धा असेल. बाकीच्यांसाठी सांगतो: इकडची कैरी, तिकडची कैरी, कैरी झोका घेते. हे आखाजीचं गाणं आहे. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खान्देशात हा सासुरवाशिणींचा सण. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराई बसते आणि ऊन उतरलं की बायका-पोरी झोक्यावर गाणी धरतात. भाषा अहिराणी.

याच भाषेवरून माझं एकदा चांगलंच हसं झालं होतं. शहरात कॉलेजला नवीन होतो. वर्गात गोंधळ चालला होता, मला दारातून सर दिसले आणि मी ओरडलो, ‘सर उनात!’ म्हणजे सर आले. सगळा वर्ग हसला. ‘सर उन्हात? अरे मग सावलीत बोलवा त्यांना!’ पुढचे दोन महिने मी दिसलो की कुणीतरी ‘उनात’ म्हणायचंच. मी घरी फोनवरसुद्धा हळू बोलायला लागलो. आई विचारायची, आवाज का येत नाही रे? तिला काय सांगणार?

‘गावंढळ’ हा शिक्का असाच बसतो. सिनेमात, मालिकेत बोली बोलणारा माणूस बहुतेक वेळा गडी असतो, नाहीतर हसवायला आणलेला असतो. विचार करणारा, प्रेमात पडलेला, दुःखात असलेला माणूस मात्र प्रमाण मराठीत बोलतो. हे इतकं सवयीचं झालंय की खटकतही नाही.

आता गाण्याची पुढची ओळ घ्या. ‘कैरी तुटनी, खडक फुटना, झुयझुय पानी व्हाय वं.’

तुटली नाही, तुटनी. फुटला नाही, फुटना. मराठीत भूतकाळाला ‘ल’ लागतो, तिथे अहिराणीत बऱ्याचदा ‘न’ लागतो. झुळझुळचं झुयझुय होतं, तसंच काळाचं काया आणि डोळाचा डोया. म्हणजे ‘ळ’ जमत नाही म्हणून कुणी अडखळत नाहीये, तो नियम आहे आणि तो सगळीकडे पाळला जातो. ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात, गुजरातीतल्या ‘छे’ची आठवण यावी असा. ब्रिटिश काळात ग्रिअर्सन यांनी भारतातल्या भाषांचं सर्वेक्षण केलं, त्यात तर १९०७ साली ‘खान्देशी’ (अहिराणी तिच्यातच येते) ही मराठीच्या खंडात घातलेलीच नाही, ती भिल्ली भाषांबरोबर आहे. २०११ च्या जनगणनेतही खान्देशीची नोंद वेगळी आहे, बोलणारे साधारण १८ लाख ६० हजार. हिला ‘मराठीचं बिघडलेलं रूप’ म्हणणाऱ्यांना एवढं तरी ठाऊक असावं.

पण व्याकरण सांगून कुणाचं मन बदलत नाही, ते मी करून पाहिलंय. गाण्यानं बदलतं. गाण्यात त्या भाषेतलं माणूस काय पाहतं ते दिसतं. वैशाखातला खान्देश डोळ्यांसमोर आणा. पारा ४५ च्या आसपास, विहिरी तळाला गेलेल्या. अशा दिवसांत झोक्यावर बसलेली बाई म्हणते, कैरी तुटून पडली, तिनं खडक फुटला आणि पाणी वाहायला लागलं. एवढीशी कैरी आणि खडक! ज्या भाषेत ही कल्पना सुचते तिला अडाणी कसं म्हणायचं?

बहिणाबाई चौधरींचं उदाहरण आपल्याला माहीत आहेच. जळगावजवळच्या आसोद्याच्या. त्यांची बोली अहिराणी नव्हे, लेवा गणबोली, पण शेजारचीच. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. काम करता करता त्या गायच्या, आणि मुलगा सोपानदेव आणि पितांबर चौधरी यांनी ती गाणी उतरवून घेतली. सोपानदेव स्वतः कवी होते. मनात आणलं असतं तर आईची भाषा ‘सुधारून’ छापली असती. त्यांनी तसं केलं नाही, याबद्दल मला त्यांचे फार उपकार वाटतात. बहिणाबाई गेल्या १९५१ मध्ये, पुढच्याच वर्षी अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं, आणि आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

आता आजच्या अहिराणी गाण्यांकडे येतो. लग्नाच्या वरातीत डीजेवर ती दणक्यात वाजतात, यूट्यूबवर तुफान चालतात, खान्देशाबाहेरची पोरंही त्यावर नाचतात. मला याचा मनापासून आनंद आहे. ‘उनात’ म्हटल्यावर हसणाऱ्यांच्याच वरातीत आता अहिराणी वाजते! पण एक गोष्ट बोचते. यातल्या पुष्कळ गाण्यांत पोरगा गातो आणि पोरगी नुसती दिसते. तिचा झुमका, तिची चाल, तिचा नखरा. आखाजीच्या झोक्यावर बरोब्बर उलटं होतं. तिथे बाई गात होती. सासर, माहेर, भाऊ, पाणी, सगळं तिच्या डोळ्यांनी. बोलीवरचा शिक्का पुसताना बाईवर नवा शिक्का मारायचा नसेल, तर झोक्यावरचा तो आवाज स्टुडिओत आणावा लागेल.

गाणं करणाऱ्या मित्रांना म्हणूनच माझं सांगणं आहे: आधी घरातल्या म्हातारीजवळ बसा, मोबाइल सुरू ठेवा. ती म्हणेल तसेच शब्द लिहा, ‘य’चा ‘ळ’ करू नका. व्हिडिओखाली पूर्ण गाणं आणि त्याचा मराठी अर्थ द्या. आणि चाल तिची असेल तर तिचं नाव टाका, नुसतं ‘पारंपरिक’ लिहून मोकळे होऊ नका.

मी माझ्या मावशीपासून सुरुवात केली. तिनं हेच गाणं म्हटलं. यात पुढे प्रश्नोत्तरं आहेत: झुयझुय पानी व्हाय, तठे कसाना बाजार वं? मावशी म्हणाली, बांगड्यांचा. शेजारची आजी लगेच मध्ये पडली, ‘आमना गावले तोडासना!’ म्हणजे आमच्या गावाला तोड्यांचा. दोघींचा यावरून अर्धा तास वाद झाला, तो सगळा मी रेकॉर्ड करून ठेवलाय.

तुमच्या गावात त्या पाण्याकाठी कसला बाजार भरतो? तुमच्या बोलीत, जसा म्हणतात तसाच लिहून पाठवा.